अंबाड्यात पीस, कमरेला तेल

माझ्या वहाणा काकींनी पहिल्याच दिवशी तेलात बुडवल्या.

मी कोल्हापूरचा. वहाणा मुद्दाम सांगून करून घेतलेल्या. चालताना करकर वाजाव्यात म्हणून तळाच्या दोन कातड्यांमध्ये बिया घातलेल्या. आमच्या गल्लीत आधी वहाणांचा आवाज शिरतो आणि मागून माणूस, आणि तरण्याताठ्या माणसाला त्यात मोठी ऐट वाटते. रत्नागिरीत एका शेठच्या लॉरीवर मला ड्रायव्हरची नोकरी लागली होती, आणि राहायला म्हणून शेठनेच काकींचं हे घर सुचवलं होतं. ट्रंक खांद्यावर घेऊन मी माडांच्या आगरातून घराकडे निघालो, तर अंगणात पोचायच्या आतच पडवीतून हाक आली.

“थांब तिथंच! पायात काय रडतंय तुज्या?”

“वहाणा आहेत.”

“काढ त्या. हातात घेऊन ये.”

खांद्यावर ट्रंक, हातात वहाणा, पाय अनवाणी, असा मी पुढे गेलो. पडवीत एक उंच, वाळकी, पन्नाशीला आलेली बाई उभी होती. लुगड्याचा घट्ट कासोटा मारलेला. कमरेला लांब चोचीचं पत्र्याचं तेलाचं भांडं लटकवलेलं. आणि इतर बायका अंबाड्यात जिथे अबोलीचा वळेसर माळतात, तिथे कोंबडीचं एक लांब पांढरं पीस खोवलेलं. त्यांनी एक वहाण घेतली, कानाशी धरून दुमडली, तोंड कडू केलं आणि दोन्ही वहाणा कोपऱ्यातल्या तेलाच्या घंगाळात सोडून दिल्या.

“तीन दिवस राहूंदेत. मग गप होतील. नाव काय तुजं?”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढे कधीही वापरलं नाही. त्या घरात मी सात वर्षं राहिलो आणि सातही वर्षं मी ‘कोल्लापूर’ होतो.

काकींना आवाजाचं वावडं आहे, असं आळीत बोललं जाई. ते खरं नव्हतं. समुद्र गाजत असे, माडांच्या झावळ्या वाऱ्यावर आपटत, शेजारचा म्हातारा पहाटेपासून खोकत बसे, देवळात नगारा वाजे. यातलं काहीच त्यांना खुपत नसे. त्यांना सहन होत नसे ते एकच, वस्तूवर वस्तू घासून निघणारं कुरकुरणं. बिजागरी, झोपाळ्याची कडी, पाळणा, विहिरीवरचा राहाट. अशा आवाजाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, ‘रडणं’. आणि ज्याच्या घरात वस्तू रडते तो माणूस आतून दगड आहे, याबद्दल त्यांची खात्री होती. त्या बोलावणं न येता कुणाच्याही घरात शिरत, सांधा शोधत, अंबाड्यातलं पीस काढून तेलात बुडवत आणि फटीत फिरवत. मग एकदा दार उघडून-मिटून ऐकत, पीस पदराला न पुसताच परत अंबाड्यात खोवत आणि निघून जात. घरातली माणसं जेवत असली तरी त्यांना त्याचं काही नसे. त्यामुळे काकींच्या केसांना नेहमी थोडा उंडीच्या तेलाचा वास येई, म्हणजे होड्यांना लावतात त्या तेलाचा.

त्यांचे यजमान तांडेल होते. स्वतःच्या फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, आठ महिने समुद्रात असत. त्यांच्या फत्तेमारीच्या सगळ्या कप्प्या काकी स्वतः तेलवत, आणि ती बंदरात इतकी गुपचूप शिरे की किनाऱ्यावरच्या हमालांना ती नांगर टाकल्यावरच कळे, म्हणतात. मी एकदा तांडेलकाकांना विचारलं, “इतकी वर्षं समुद्रावर कंटाळा नाही येत?” ते घरात डोकावून, आवाज खाली आणून म्हणाले, “तिथं दारं नायत रे बाबा.”

आळीतल्या एका सुनेची गोष्ट तर काकी स्वतःच सांगत. त्या घरातली सासू कडक. काकींनी त्या घरच्या माजघराचं दार तेल घालून मुकं केलं, तर दुसऱ्या दिवशी सून मागच्या दाराने रडत आली. “काकी, काय केलंत हो! दार वाजायचं म्हणून मला त्या आल्याचं समजायचं. आता पाठीमागे कधी येऊन उभ्या राहतात ते कळत नाही. काल ओल्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात होता…” काकी विचारात पडल्या. असा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. शेवटी सासू देवळात गेल्याची वेळ साधून त्या गेल्या, बिजागरी पुसून कोरडी केली आणि चिमूटभर चुलीची राख टाकून आल्या. “तेवढं एक दार,” त्या म्हणत, “माजं मन घट्ट करून रडवलं.”

आणखी एक प्रसंग कोर्टातला. कुणाच्या तरी बांधाच्या तंट्यात काकींना साक्षीला बोलावलं होतं. त्या काळी मुन्सफसाहेबांच्या डोक्यावर झालरीचा मोठा पंखा टांगलेला असे आणि बाहेर बसलेला माणूस दोरीने तो ओढत असे. दोरीची कप्पी कुरकुरत होती. वकिलाने विचारलं, “बांध कुठवर होता?” काकी वर बघत उभ्या. वकिलाने पुन्हा विचारलं. काकी म्हणाल्या, “आधी ह्याचं बघू द्या, मग बांधाचं सांगते.” साहेबांनी दटावलं, शिपायाने दटावलं, काकी नुसत्या वर बघत राहिल्या. शेवटी साहेबच वैतागून म्हणाले, “स्टूल द्या त्यांना.” काकी स्टुलावर चढल्या, पीस फिरवलं, उतरल्या आणि बांध कुठवर होता ते असं बारकाईने सांगितलं की उलटतपासणीला काही उरलंच नाही. साहेबांनी त्या दिवशी दुपारी प्रथमच स्वतःचा आवाज नीट ऐकला असावा, असं कोर्टाचा शिपाई पुढे कित्येक वर्षं सांगत होता.

अशा बाईच्या अंगणापाशी मी माझी लॉरी आणली.

लॉरी शेठने मुंबईहून जुनी घेतलेली. कोल्हापूरहून गूळ, कांदे, शेंगा आणायच्या आणि रत्नागिरीहून नारळ आणि सुकी मासळी वर न्यायची, आंबा घाटातून. इंजिन दमदार होतं, पण आवाज असा की अंगावर काटा यावा. साधी घरघर नव्हे. एखाद्या जनावराला फरफटत न्यावं तसं कोकलणं, आणि त्यात मध्येमध्ये पत्र्याची खडखड. काकींनी आवाज कोपऱ्यावरूनच ऐकला आणि फाटकात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

“ही आत येयाची नाय.”

“काकी, जुनी गाडी आहे. आवाज असायचाच.”

“मी पण जुनीच हाय. मी रडतंय का?”

लॉरी रस्त्याच्या कडेला फणसाखाली राहू लागली. शेठला मी दोनतीनदा आवाजाचं सांगितलं. शेठ म्हणाला, “माल पोचतो ना? मग कान झाक आणि चालव.” आणि मीही तसंच करत राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची थोडी ऐटच वाटत होती. वहाणा गेल्या, निदान लॉरी तरी होती.

शिमग्याच्या थोडं आधी ते प्रकरण झालं. मी हातखंब्याच्या पुढे, पालीच्या अलीकडे उतारावरून येत होतो. समोरून मंगलोरी कौलांनी भरलेली बैलगाडी. माझा आवाज ऐकून बैलांनी कान टवकारले, डोळे फिरवले आणि गाडी घेऊन थेट रस्त्याखालच्या खाचरात उतरले. गाडीवान वेळेवर बाहेर उडी टाकून सुटला, बैलांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण गाडी कलंडली आणि कौलांचा चुरा झाला. मी लॉरी थांबवून धावत गेलो. गाडीवान साठीचा, काटक म्हातारा. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने शिव्या दिल्या नाहीत. बैलांच्या मानेवरून हात फिरवत तो एवढंच म्हणाला, “माजे बैल वाघाला भ्यायचे नायत. तुज्या गाडीत काय भरलंयस तू?”

त्यानंतर आसपासचे गाडीवान मिळून मामलेदारांकडे गेले. हा रस्ता बैलांचा आहे, ही लॉरी बंद करा. मामलेदार शांत डोक्याचे गृहस्थ होते. त्यांनी शेठला आणि मला बोलावून सांगितलं, “आठ दिवस देतो. आठव्या दिवशी सकाळी कचेरीसमोरच्या मैदानात हेच बैल उभे करायचे आणि त्यांच्या शेजारून लॉरी न्यायची. बैल बुजले तर परवाना रद्द.”

बाहेर आल्यावर शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, “परवाना गेला तर लॉरी भंगारात आणि तू घाट चढून घरी.”

घरी जायला मला तोंड नव्हतं. वडिलांचं गुळाचं दुकान होतं, आणि ‘यंत्राच्या नादी लागलास तर या उंबऱ्यात पाऊल टाकू नको’ असं ते, आणि ‘नाही टाकणार’ असं मी, दोघांनीही भर गल्लीत ओरडून झालं होतं. त्या दिवशी मी पडवीच्या पायरीवर डोकं धरून बसलो. काकी नारळ सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि कोयती बाजूला ठेवली.

“आठ दिवस?”

“हो.”

“मग बसलास काय? चल, काय रडतंय ते बघू.”

मला वाटत होतं दोष पट्ट्याचा आहे. इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीमागे चार पात्यांचा पंखा असतो. त्याच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी गार राहतं. चामड्याचा एक पट्टा त्या पंख्याला फिरवतो. पट्टा घसरला की किंचाळतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याला राळ चोळली होती. आवाज तसूभर कमी झाला नव्हता. हे मी काकींना सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “तू बोलू नको. तिला बोलूंदे.”

मी हँडल मारून इंजिन सुरू केलं. काकी डोळे मिटून, अनवाणी पाय जमिनीत रोवून उभ्या राहिल्या. आळीतल्या बायका कानांवर हात ठेवून दारांत आल्या. काकी म्हणाल्या, “जोरात कर.” मी केलं. “आता हळू.” मी केलं. आवाज इंजिनाबरोबर चढला, इंजिनाबरोबर उतरला.

“चाकं उभी हायत आणि ही रडतेय,” काकी म्हणाल्या. “म्हणजे चाकांत काय नाय. आता तो पट्टा काढ.”

“काढला तर पंखा फिरणार नाही. पाणी उकळेल.”

“भात शिजवायचाय का मला? विडा चघळून होईपर्यंत चालव नि बंद कर.”

पट्टा काढला. इंजिन सुरू केलं आणि मी चकितच झालो. कोकलणं नाही, खडखड नाही. नुसता इंजिनाचा भरदार, गोल आवाज. इतके महिने जिच्यावर मी बसत होतो तिचा खरा आवाज मी प्रथम ऐकत होतो. काकींनी डोळे उघडले.

“गाडी गुणाची हाय तुजी. दोष पंख्यात हाय. आणि आयक, दोघं हायत आत. एक खडखडणारा, एक कोकलणारा. आधी खडखड्याला धरू.”

बायका बाजारात मडकं घेताना बोटाने टिचकी मारून बघतात, तशा त्यांनी पंख्याच्या पात्यांवर टिचक्या मारल्या. पहिलं पातं टणकन वाजलं. दुसरं, तिसरं तसंच. चौथं बद्द बोललं. “हा बघ तुजा खडखड्या.” पात्याच्या मुळाशी ते जखडून धरणाऱ्या दोन रिबिटी होत्या, त्यांतली एक ढिली होऊन भोक लांबट झालं होतं. लांबून बघताना कुणाला दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी पंखा उतरवून तांबटआळीत नेला, नवी रिबीट मारून घेतली. ते पातं थोडं वाकलंही होतं. काकींनी खराट्याची एक हीर टाकीला मेणाने चिकटवली, तिचं टोक पंख्याच्या वाटेत येईल अशी, आणि पंखा हाताने हळूहळू फिरवला. तीन पाती हिरीला नुसती शिवून जात होती, चौथं तिला ढकलत होतं. ते चौथंही नुसतं शिवून जाईपर्यंत आम्ही वाकवत आणि फिरवत बसलो.

खडखड गेली. कोकलणं मात्र आता एकटं, स्वच्छ ऐकू येऊ लागलं, आणि आधीपेक्षा भयंकर वाटलं. दोन दिवस संपले होते.

मग काकींनी पंखा दोन हातांत धरला आणि वर-खाली हलवून बघितला. तांदळाच्या दाण्याएवढा तो हलला. “ह्याचा आस जागेवर नाय. उघड.”

पंख्याचा आस ज्यात फिरतो ती पितळेची बुशी मी काढली. ती एका अंगाने पार खाल्ली गेली होती. हे बघून मी काकींना म्हणालो, “असं कसं होईल? मी रोज ग्रीस देतो. रोज सकाळी, न चुकता.” आणि ते खरं होतं. वर ग्रीसची एक छोटी वाटी होती. तिचं झाकण मी रोज एक फेरा आवळत असे आणि स्वतःला फार शिस्तीचा ड्रायव्हर समजत असे. काकींनी वाटी काढून खालचं बारीक भोक पिसाच्या टणक देठाने टोकरलं. तांबडा, विटेसारखा घट्ट झालेला खडा निघाला. आमच्या रस्त्याची जांभ्याची धूळ ग्रीसमध्ये मिसळून भोकात थिजली होती. किती महिने, कुणास ठाऊक. मी देत होतो ते सगळं वरच्या वर बाहेर निघून जात होतं.

मला वाटलं आता काकी मला दगड म्हणणार. त्या खडा तळहातावर घेऊन बघत राहिल्या.

“तू देत होतास,” त्या म्हणाल्या, “त्याला मिळत नव्हतं. दोघांचाही दोष नाय.”

इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

नवी बुशी मुंबईहून बोटीने मागवायची तर पंधरा दिवस. आमच्याकडे पाच. मी हताश झालो. काकी मात्र उठून विहिरीकडे गेल्या. त्यांच्या आगरात राहाट होता. बैल फिरायचा, मडक्यांची माळ पाणी वर आणायची, आणि अख्खा राहाट फिरताना पानाच्या सळसळीइतकाही आवाज नसे. त्याच्या आसाखाली खैराचं लाकूड होतं, तेल पाजलेलं. तसलाच एक जाड तुकडा त्या घेऊन आल्या.

“लाकूड? काकी, हे इंजिन आहे.”

“पंख्याला काय गुळाच्या ढेपी उचलायच्या हायत? वारा ढकलायचाय त्याला.”

पाळण्याचे खांब कातणारा एक कातारी खालच्या आळीत होता. त्याने खैराची बुशी कातून दिली, काकींनी ती अर्धा दिवस तेलात उकळली, आणि मी ती बसवली. इंजिन सुरू केलं. क्षणभर सगळं शांत. मी काकींकडे बघून हसलो. मग धुराची एक बारीक रेघ निघाली, जळक्या लाकडाचा वास आला, पंखा अडकला आणि पट्टा फाटकन तुटून माझ्या छातीवर बसला. बुशी उभी चिरली होती.

काकींनी चिरलेली बुशी पदरात धरून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, “तुजी चूक नाय. मी घाई केली.” आळीतल्या लोकांनी नंतर मला विचारलं, काकी असं खरंच म्हणाल्या का, म्हणून. त्यांनी तरी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या बुशीसाठी त्यांनी चूल अंगणात मांडली. मोठी कढई, उंडीचं तेल, मंद आच. दोन दिवस त्या चुलीपुढून हलल्या नाहीत. जेवण तिथेच. लाकडातून बारीक बुडबुडे निघत होते. “आतला वारा बाहेर येतोय,” त्या म्हणाल्या. “तो गेल्याबिगार तेल आत जाणार कुठून?” बुडबुडे थांबल्यावर मी बुशी बाहेर काढायला गेलो तर माझ्या हातावर पळी बसली. “आता निवूंदे. तेलातच निवूंदे. निवताना ती तेल पिते.” रस्त्यावरून जाणारी माणसं वास घेत विचारत, “काकी, काय तळताय?” काकी म्हणत, “पंखा.” आणि माणसं पुढे काही न विचारता निघून जात.

सातव्या दिवशी सकाळी बुशी बसवली. मी ग्रीसचं भोक तारेने तीनतीनदा साफ केलं. शेठकडून नवा पट्टा आणला. हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पंखा फिरला, आणि पंख्यातून आला तो फक्त वारा. एक भरघोस, गार वाटावा असा फुस्स आवाज. काकी टाकीपुढे उभ्या राहिल्या, अगदी जवळ, डोळे मिटून. विडा चघळून होईपर्यंत नव्हे. दहा विडे झाले असते. मग हात मागे नेऊन त्यांनी अंबाड्यातलं पीस चाचपलं, ते तिथेच ठेवलं, आणि फाटकाकडे गेल्या. फाटक सताड उघडलं.

“आण आत.”

(त्या लाकडी बुशीने पुढे पावसाळा येईपर्यंत लॉरीला घाट चढवला. नंतर कोल्हापूरला पितळेची करून घेतली ती मीच, केवळ शेठच्या समाधानासाठी.)

आठव्या दिवशी कचेरीसमोरच्या मैदानात अर्धी रत्नागिरी लोटली होती. मामलेदार खुर्चीवर. गाडीवानांचा घोळका एका बाजूला. तो म्हातारा गाडीवान आपली बैलजोडी गाडीला जुंपून आला, आणि तो येताना त्याच्या गाडीची चाकं अशी कुरकुरत होती की मी आधी काकींकडे पाहिलं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा हात अंबाड्याकडे गेलासुद्धा होता.

“काकी, आत्ता नको. साहेब थांबलेत.”

“थांबूंदेत.”

त्या सरळ गाडीशी गेल्या. गाडीवान गोंधळला. “बाय, तू त्यांच्याकडची ना?” काकी म्हणाल्या, “मी कुणाचीच नाय. चाक उचल.” त्याने जू सोडून बैल बाजूला केले, चौघांनी गाडी उचलून धरली, आणि सगळं मैदान बघत असताना काकींनी दोन्ही चाकांच्या आसांना तेल दिलं. मामलेदारांनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. बैल पुन्हा जुंपले. गाडीवानाने गाडी चार पावलं पुढे घेतली, थांबवली आणि खाली वाकून चाकाकडे पाहिलं, ते आहे की गेलं याची खात्री करावी तसं.

मग मामलेदारांनी खूण केली. मी लॉरी सुरू केली. पन्नास पावलांवर बैल. चाळीस. बैलांनी माझ्याकडे माना वळवल्या. वीस. डाव्या बैलाने कान हलवला आणि मी श्वास रोखला. त्या कानावर माशी बसली होती. मी त्यांच्या शेजारून, हात लांब केला असता तर शिंगं लागली असती इतक्या जवळून गेलो. उजवा बैल रवंथ करत होता, तो करतच राहिला.

गर्दीतून असा गजर झाला की बैल बुजलेच असते तर त्या गजराने. शेठने कुणाला तरी मिठी मारली. म्हातारा गाडीवान पुढे आला आणि मामलेदारांना म्हणाला, “साहेब, माजी तक्रार मिटली.” परवाना कायम, असं मामलेदारांनी मोठ्याने सांगितलं आणि ते उठले.

काकी तोवर लॉरीपाशी आल्या होत्या. इतके दिवस त्यांनी तिला हात लावला होता, कान लावला होता, पण तीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या चढून माझ्या शेजारी बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या बाहेर लावलेल्या भोंग्याच्या रबरी गोळ्यावर बोट टेकवलं.

“हा काय?”

“भोंगा. तो दाबायचा नस…”

त्यांनी दाबला. दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

बैल गाडीसकट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. म्हातारा त्यांच्यामागे धावला. मामलेदार जागच्या जागी वळले. माझ्या डोळ्यांपुढे आंबा घाट उभा राहिला, पायी चढायचा. मामलेदारांनी बैलांकडे पाहिलं. ते लांब गवतात तोंड घालून चरायलाही लागले होते. मग त्यांनी काकींकडे पाहिलं. काकींच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं होतं की ते बघून त्या गंभीर माणसाच्या मिश्या हलल्या.

“तक्रार पंख्याची होती,” ते म्हणाले. “भोंग्याचा कागद माझ्यापुढे आलेला नाही.” आणि ते कचेरीत निघून गेले.

“चल,” काकी मला म्हणाल्या. “बाजारातून ने.”

मी लॉरी बाजारपेठेकडे वळवली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. काकी अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या, पदर वाऱ्यावर, पीस वाऱ्यावर, आणि भोंगा क्षणभरही थांबत नव्हता. तांबट हातोडी धरून बाहेर आला. कातारी बाहेर आला. ज्यांच्या घरांत, ज्यांच्या जेवणाच्या पंक्तीत काकी तेल घेऊन शिरल्या होत्या ती सगळी माणसं कानांवर हात ठेवून दारांत उभी राहिली आणि आ वासून बघत राहिली. कुणीतरी समोर धावत येऊन हात हलवत ओरडलं, “काकी, काय झालं? काय झालं?”

“काय नाय झालं!” काकी हसत ओरडल्या. “बाजूला हो!”